ट्रान्स्फरच्या किमतीवरून भांडायचं कसं, आणि मध्येच राजकारण घुसलं की काय करायचं

साडेसातची मॅच साडेनऊला संपते पण आमच्या हॉलमधलं भांडण साडेबारापर्यंत चालतं, खालचे काका एकदा वर येऊन गेलेत आणि पुढच्या वेळी मी येणार नाही थेट सेक्रेटरी येईल असं सांगून गेलेत. सहा जण असतो, सगळे इंग्लिश फुटबॉल क्लबांचे फॅन, त्यात दोन मँचेस्टर युनायटेडवाले, एक चेल्सी, एक आर्सेनल, एक मँचेस्टर सिटी (त्याला आम्ही २०१२ नंतरचा म्हणतो, म्हणजे क्लब जिंकायला लागल्यावर फॅन झालेला, त्याला राग येतो) आणि मी लिव्हरपूल. विषय फिरून फिरून दोनच, हा प्लेअर एवढ्या पैशांचा होता का, आणि तुझ्या क्लबच्या मालकाचे पैसे आले कुठून. इतकी वर्षं घसा बसवून घेतल्यावर थोडं शहाणपण आलंय ते लिहितोय. भांडू नका असं सांगणारा मी कोण, भांडा, पण पुढच्या शनिवारी परत एकत्र बसता येईल असं भांडा.

सगळ्यात आधी आकडा एक करा. हे इतकं साधं आहे की कुणी करतच नाही. आमच्याकडे एन्झो फर्नांडेझवरून अर्धा तास कालवा झालेला, एक म्हणतो १०७ मिलियन दुसरा म्हणतो १२१, आणि दोघंही बरोबर होते कारण एक पाउंडात बोलत होता आणि दुसरा युरोत. जानेवारी २०२३ मध्ये चेल्सीने बेनफिकाला दिले १०६.८ मिलियन पाउंड, युरोत ते साधारण १२१ होतात, संपला विषय. तसंच वरचे पैसे म्हणजे अॅड-ऑन्स, ते धरायचे की नाही हे आधीच ठरवा. आमच्या फ्लोरियन विर्ट्झला २०२५ मध्ये घेतलं तेव्हा १०० मिलियन पाउंड पक्के आणि १६ पुढे अटींवर, मग मी १०० म्हणायचो आणि बाकी पाच जण एका सुरात ११६. आपल्या क्लबचा प्लेअर असला की अॅड-ऑन्स सोडायचे आणि दुसऱ्याचा असला की पकडायचे ही सवय सगळ्यांना आहे, मलाही आहे.

आणि फ्री म्हणजे फुकट नसतं हेही एकदा सांगून टाका. एमबापे २०२४ ला रिअल माद्रिदला फ्री गेला म्हणजे त्याच्या जुन्या क्लबला, पॅरिसच्या पीएसजीला, फी मिळाली नाही एवढंच, त्याचा साइनिंग बोनस आणि पगार रिअलच्या खिशातूनच जातो. डिसेंबर १९९५ मध्ये बॉसमन नावाच्या बेल्जियन प्लेअरने युरोपियन कोर्टात केस जिंकली तेव्हापासून करार संपला की प्लेअर मोकळा, जुना क्लब त्याच्यावर फी मागू शकत नाही. त्यामुळे किंमत ठरते ती पायांची जादू किती आणि करारात वर्षं किती उरली यावर, आणि त्यातलं दुसरं आधी बघा.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे सगळी गडबड आयपीएलमुळे होते. आयपीएलच्या लिलावात सगळ्या टीमना पर्स सारखीच, हातोडा पडला की तो आकडा म्हणजेच प्लेअरचा पगार. फुटबॉलमध्ये फी जाते विकणाऱ्या क्लबला, प्लेअरचा पगार वेगळा ठरतो. म्हणून युनायटेडने घेतलेल्या विंगरबद्दल ‘अँटनीने ९५ मिलियन खाल्ले’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं, अरे ते ९५ मिलियन युरो त्याला विकणाऱ्या डच क्लबने, आयाक्सने खाल्ले, २०२२ च्या ऑगस्टमध्ये, विंडो म्हणजे खरेदीची मुदत बंद व्हायला आलेली, युनायटेडचा कोच त्याच आयाक्सहून आलेला आणि त्याला तोच पोरगा पाहिजे होता, हे समोरच्याला माहीत असल्यावर तो भाव वाढवणार नाही तर काय करणार. लग्नाच्या आदल्या दिवशी फुलं आणायला जा मग कळेल. अँटनी वाईट खेळला म्हणायचं तर म्हणा, पण किमतीचा हिशोब त्याच्याकडे मागू नका, तो काही स्वतःला विकायला बसला नव्हता.

म्हणून कुठल्याही किमतीवर बोलायच्या आधी मी विचारतो की विकणाऱ्याला विकायची गरज होती का आणि घेणाऱ्याला किती घाई होती. बहुतेक भांडणं इथेच मिटतात. हालंड २०२२ ला सिटीला सुमारे ६० मिलियन युरोत मिळाला, म्हणजे अँटनीपेक्षा स्वस्त! त्याच वर्षी! हा आकडा कुठल्याही कट्ट्यावर टाका, दोन मिनिटं शांतता होते. कारण एवढंच की त्याच्या आधीच्या क्लबच्या, डॉर्टमुंडच्या करारात रिलीज क्लॉज होता, तेवढे पैसे टेबलावर ठेवले की क्लबला नाही म्हणता येत नाही. उलट बाजूला कायसेडो बघा, ब्रायटनने २०२१ मध्ये साडेचार मिलियन पाउंडच्या आसपास देऊन आणलेला पोरगा, २०२३ मध्ये लिव्हरपूल आणि चेल्सी दोघंही त्याच्या मागे लागले आणि ब्रायटनला विकायची काडीचीही घाई नव्हती, चेल्सीने शेवटी १०० पक्के आणि १५ वरचे दिले. दोन वर्षांत पोरगा वीस-पंचवीस पट चांगला खेळायला लागला असं काही नाही, गिऱ्हाईक दोन आले.

मॅग्वायर आणि व्हॅन डाइक ही डिफेंडरांची जोडी तर आमच्याकडे मेन्यू कार्डासारखी निघते. आमचा व्हॅन डाइक ७५ मिलियन पाउंड, लेस्टरकडून युनायटेडने घेतलेला मॅग्वायर ८०. हसा, पण लेस्टरला पैशांची अडचण नव्हती आणि करार लांबचा होता हे विसरू नका. जाता जाता लिव्हरपूलवाल्यांची एक थापही पकडून देतो, आमचीच आहे म्हणून सांगतो, ‘कुटिन्होच्या पैशातून व्हॅन डाइक आणला’ असं आम्ही छाती फुगवून सांगतो पण व्हॅन डाइकची घोषणा २७ डिसेंबर २०१७ ची आणि कुटिन्हो बार्सिलोनाला गेला ६ जानेवारी २०१८ ला. कुटिन्होचं पुढचं तर माहितीच आहे, बार्सिलोनाने त्याला बायर्नला लोनवर दिला आणि ऑगस्ट २०२० मध्ये बायर्नने बार्सिलोनालाच ८-२ हरवलं त्यात शेवटचे दोन गोल त्याचेच. बार्सिलोनाचा फॅन समोर असेल तर हे शेवटचं हत्यार म्हणून ठेवा, सुरुवातीलाच काढलं तर तो उठून जातो.

मग हिशोबाची वही. हे थोडं कंटाळवाणं आहे पण ज्याला हे येतं तो आमच्या हॉलमध्ये हरत नाही. क्लब फी एका वर्षात खर्च म्हणून दाखवत नाही, करार जेवढ्या वर्षांचा तेवढ्या वर्षांवर वाटतो. एन्झोला साडेआठ वर्षांचा करार दिला, १०६.८ भागिले साडेआठ म्हणजे वर्षाला साडेबारा मिलियन, तोच पाच वर्षांचा असता तर एकवीसच्या वर. चेल्सीवाल्यांनी ही शक्कल इतकी वापरली की २०२३ मध्ये आधी युरोपच्या फुटबॉल संघटनेने, युएफाने, आणि डिसेंबरमध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगने सांगितलं की करार कितीही लांब करा, वाटणी पाचच वर्षांवर. विकताना मात्र उलट आहे, नफा त्याच वर्षी पूर्ण दिसतो, आणि स्वतःच्या अकॅडमीतला पोरगा असेल तर त्याची खरेदी किंमत शून्य म्हणजे आलेली सगळी रक्कम नफा. चेल्सीने मेसन माउंटला युनायटेडला का विकलं, घरचा पोरगा होता, असं कुणी हळहळून विचारलं की हेच उत्तर द्या, घरचा होता म्हणूनच.

या वहीला दात आहेत हे एव्हर्टनवाल्यांना विचारा. तीन वर्षांत १०५ मिलियन पाउंडच्या वर तोटा चालत नाही असा तेव्हाचा नियम होता, एव्हर्टनने ओलांडला, नोव्हेंबर २०२३ मध्ये १० पॉइंट कापले, अपिलात ६ झाले, मग दुसऱ्या केसमध्ये आणखी २. नॉटिंगहॅम फॉरेस्टची केस मला जास्त आवडते, त्यांचं म्हणणं होतं की ब्रेनन जॉन्सनला ३० जूनच्या आत विकायची घाई केली असती तर कमी आले असते, आम्ही थांबलो आणि सप्टेंबरला टॉटनहॅमकडून ४७.५ मिलियन घेतले, मग शहाणपणा केला की नाही? केला, पण वही ३० जूनला बंद होते. ४ पॉइंट गेले.

इथपर्यंत आलात की कुणीतरी म्हणतोच, हे सगळे नियम गरिबांना, सिटीवर पैशांचे नियम मोडल्याचे ११५ चार्जेस लागले फेब्रुवारी २०२३ ला त्याचं काय. आणि राजकारण सुरू. ‘खेळात राजकारण आणू नका’ हे वाक्य आमच्याकडे बंद केलंय, बोलणाऱ्याने सगळ्यांचा चहा द्यायचा. कारण किंमत मोजायला बसलो की पैसा कुणाचा हे आपोआप येतं. नेमारचे २२२ मिलियन युरो घ्या. जून २०१७ मध्ये सौदी, यूएई, बहरीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडले, रस्ते बंद, हवाई मार्ग बंद, आणि ऑगस्टमध्ये कतारच्या मालकीच्या पीएसजीने जगातली सगळ्यात मोठी ट्रान्स्फर केली. दोन्हीचा संबंध कागदावर कुठे लिहिलेला नाही, पण माझं मत विचाराल तर त्या २२२ मध्ये एका लेफ्ट विंगरची किंमत किती आणि ‘आम्ही अजून इथेच आहोत’ हे सांगायची किंमत किती, हे वेगळं काढता येत नाही. चेल्सीने युक्रेनच्या शाख्तारकडून घेतलेल्या मुद्रिकचं तर सरळच होतं, शाख्तारच्या मालकाने त्या पैशातले २५ मिलियन डॉलर युक्रेनच्या सैनिकांसाठी देणार असं जाहीर केलं होतं. आणि घेणारी चेल्सी कोण, तर ज्यांचा आधीचा रशियन मालक मार्च २०२२ मध्ये निर्बंधांत सापडला आणि क्लब विकावा लागला. एका ट्रान्स्फरमध्ये अख्खं युद्ध, आणि आमचा चेल्सीवाला म्हणतो पोरगा लेफ्टला खेळवायला पाहिजे होता.

राजकारणावर बोलताना आमचा नियम एकच आहे, आधी आपल्या घरचं सांगायचं. न्यूकॅसलला सौदीच्या पैशावरून बोलायचंय ना, बोल, पण आधी तुझ्या आर्सेनलच्या बाहीवर २०१८ पासून रवांडाचं पर्यटन का छापलं होतं ते सांग. युनायटेडवाल्याने ग्लेझर्सनी २००५ ला क्लब कर्ज काढून घेतला आणि कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलं इथून सुरुवात करायची. सिटीवाल्याने आपल्या मालकांच्या अबुधाबीपासून. आणि मुंबईकर लोकांनी फार हसू नये, २०१९ मध्ये सिटीच्याच ग्रुपने आपल्या मुंबई सिटी क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला, नंतर मुंबईने लीग जिंकली तेव्हा पैसा कुठला हे आपल्यापैकी कुणी विचारलं नव्हतं, मीही नाचलो होतो. हा नियम लावला की आवाज आपोआप खाली येतो.

एक ठिकाण मात्र असं की तिथे मी सरळ टीव्ही बंद करतो, प्लेअरचा धर्म किंवा रंग आला की. २०२१ च्या युरो फायनलला इंग्लंडचे कृष्णवर्णीय प्लेअर रॅशफर्ड, सँचो आणि साका पेनल्टी चुकले आणि त्यांच्याबद्दल काय काय लिहिलं गेलं ते सगळ्यांना आठवतं. तुर्की वंशाच्या जर्मन ओझिलचंही तसंच, तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन यांच्यासोबतच्या फोटोवर टीका करा, राजकीय फोटो आहे तर राजकीय टीका होणारच, पण तिथून घसरून त्याच्या जर्मन असण्यावर गेलं की ती टीका उरत नाही. आमच्यातला एकजण असाच घसरला होता एकदा, दोन शनिवार आला नाही, मग आला, कुणी काही बोललं नाही, त्याने गुपचूप भेळ आणली होती.

आणि गाडी आपल्या इकडच्या पक्षांवर गेली तर? जाणारच, आपली माणसं आहेत. अशावेळी नुसतं तुमचा साहेब आमचा साहेब करण्यापेक्षा भारतीय फुटबॉलवर वळवा, तिथे मालमसाला भरपूर आहे. प्रफुल पटेल फेडरेशनचे अध्यक्ष, मुदत संपून गेली तरी निवडणूक नाही, मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रशासक नेमले, ऑगस्टमध्ये फिफाने बाहेरचा हस्तक्षेप म्हणून भारतालाच निलंबित केलं. निलंबन दोन आठवड्यांच्या आत उठलं, पण गोकुलम केरळाच्या पोरी आशियाई स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेल्या, त्यांना न खेळता परत यावं लागलं. नंतर अध्यक्ष झाले भाजपचे कल्याण चौबे. म्हणजे दोन्ही बाजूंना बोलायला सारखं मिळतं, कुणी उपाशी राहत नाही.

नेमारला मी जवळजवळ बघितलं होतं तेही सांगतो. नोव्हेंबर २०२३, तेव्हाचा त्याचा सौदी क्लब अल हिलाल आशियाई चॅम्पियन्स लीगला मुंबई सिटीशी खेळायला येणार म्हणून मॅच बालेवाडीहून डी. वाय. पाटीलला हलवलेली, तिकीट काढलं, आणि ऑक्टोबरमध्ये ब्राझीलकडून खेळताना याचा गुडघा गेला. मुंबई ०-२ हरली. सौदीने त्याच्यासाठी सुमारे ९० मिलियन युरो मोजले होते, अल हिलालसाठी तो एकूण सात मॅच खेळला, भागाकार तुम्हीच करा. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये रोनाल्डोची सौदी टीम अल नासर गोव्यात फातोर्ड्याला आली, मडगावचा माझा मित्र रोनाल्डोसाठी गेला, रोनाल्डो आलाच नाही. एफसी गोवा १-२ हरली पण गोव्याचा गोल आपल्या ब्रायसन फर्नांडिसने मारला, आणि मित्राने रात्रीच फोन करून ‘ह्या पोराची किंमत किती सांग’ म्हणून वाद सुरू केला. मी वय विचारलं, करार किती वर्षांचा विचारलं, गिऱ्हाईक कोण विचारलं, वर लिहिलंय ते सगळं. तो म्हणाला ते सोड, तेव्हा आपली भारतातली लीग, आयएसएलच अडकून पडलेली, तिच्या हक्कांचा करार संपत आलेला आणि सीझन कधी सुरू होणार ते फेडरेशनलाही सांगता येत नव्हतं, मग लीगच नाही तर भाव कशावर लावायचा. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी फोन ठेवला आणि हॉलमध्ये येऊन परत मॅग्वायर काढला.