केबलजवळ खोदायचंय? पहार आधी बाजूला ठेवा

इंदूरात नर्मदेचं नळ कनेक्शन बदलायचं असो, ड्रेनेज जोडायचं असो की गेटचा खांब रोवायचा असो, रस्त्याच्या कडेला खोदावंच लागतं. आणि विजेची केबलही नेमकी त्याच कडेनं गेलेली असते. निगमची परवानगी काढली आणि वीज कंपनीच्या झोन ऑफिसात कळवलं, एवढं तुम्ही केलेलं आहे असं धरतो. मार्च २०२३ पासून ‘कॉल बिफोर यू डिग’ हे सरकारी ॲपही आहे. त्यात खोदण्याची जागा टाकली की तिथं ज्यांच्या तारा, नळ आहेत त्यांना खबर जाते. केबल बंद करून मिळत असेल तर करून घ्या. पण ‘बंद आहे’ हे लेखी हातात पडेपर्यंत प्रत्येक केबल चालूच समजायची. ‘लाइनमन बोलला’ म्हणजे लेखी नव्हे.

नकाशा मिळाला तर घ्या, पण त्यावर भिस्त नको. नियमाप्रमाणे घरगुती दाबाची केबल ७५ सेंटिमीटर खोल, ११ केव्हीची (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) ९० आणि ३३ केव्हीची १०५. हे आकडे केबल टाकली त्या दिवसाचे. त्यानंतर रस्ता खरवडून सिमेंटचा झाला असेल, किंवा मुरमाखाली लगेच काळा पाषाण लागला म्हणून ठेकेदारानं केबल वरच्यावर उरकली असेल. मला ती फुटभर खोलीवरही सापडली आहे. ती सरळ रेषेत जाते हाही भ्रमच. जॉइंटजवळ पुढच्या दुरुस्तीसाठी मुद्दाम वेटोळं सोडलेलं असतं. म्हणून आधी आजूबाजूला बघा. कुठल्या खांबावरून पाइपातून केबल खाली उतरली आहे, फीडर पिलर, म्हणजे वीज वाटणारी रस्त्याकडेची पेटी, कुठं आहे, रस्त्यावर जुन्या खोदाईचा पट्टा दिसतोय का.

जमिनीखालची केबल शोधणारं लोकेटर मशीन मिळालं तर फिरवा. मात्र साध्या मोडमध्ये ते वाहता करंटच पकडतं. रस्त्यावरच्या दिव्यांची केबल दुपारी त्याला दिसत नाही आणि संध्याकाळी सातला तीच चालू होते.

आता खरी गोष्ट. जिथं तिथं ‘हाताच्या अवजारांनी खोदा’ असं लिहिलेलं असतं. अहो, टिकावही हाताचंच अवजार! पहारही हाताचीच. आपल्याकडचं फावडंसुद्धा डोक्यावर उचलून हाणायचं असतं. विलायती सल्ल्यातलं फावडं पायानं दाबायचं असतं, हा फरक कुणी सांगतच नाही.

मला तो एका गल्लीत कळला. ड्रेनेजसाठी चर खणत होतो. घरमालक म्हणाले, केबल पलीकडच्या बाजूनं आहे. मे महिना होता आणि मालव्याची काळी माती विटेसारखी कडक झालेली, म्हणून मीच पोराच्या हातात पहार दिली. अडीच फुटांवर तो थांबला आणि म्हणाला, “जड़ है, भिया.” मी वाकून पाहिलं. मनगटाएवढं जाड, काळपट, वर कुजलेल्या तागाची सालं. समोर कडुनिंब होता, त्यामुळे मुळीच वाटली. ‘कुऱ्हाड आण’ हे शब्द अगदी ओठावर आले होते. तेवढ्यात पहारीनं सोललेल्या जागी लोखंडी पट्टीचा पिळा चमकला. जुनी कागद-शिशाची ११ केव्हीची केबल होती ती. डांबरात भिजवलेला ताग हे तिचं बाहेरचं आवरण. त्या दिवसानंतर माझ्या ट्रायल पिटमध्ये, म्हणजे केबल शोधायला आधी घेतलेल्या खड्ड्यात, पहार उतरलेली नाही.

माझी पद्धत अशी. केबल जिथं असेल असं वाटतं, तिच्या डोक्यावर खोदायचं नाही. अर्धा मीटर बाजूला सरकून खड्डा घ्यायचा, तो हवा तेवढा खोल न्यायचा आणि मग खड्ड्याच्या भिंतीतून केबलच्या दिशेनं आडवी माती तासायची. वरून खाली येणारं अवजार सगळ्या वजनानिशी केबलवर बसतं, आडवं तासताना ते तिच्या कुशीला नुसतं घासतं. या टप्प्याला लाकडी दांड्याचा बेलचा, म्हणजे पायानं दाबायचं फावडं, घ्या आणि पायाचा हलका दाब द्या, उडी मारू नका. शेवटचं वीतभर गवंड्याच्या थापीनं. वेळ लागतो, मजूर कंटाळतात, कंटाळू द्या. जेसीबी या अर्ध्या मीटरच्या आत आणायचाच नाही, मग ड्रायव्हर कितीही ‘हल्का हाथ रखूँगा’ म्हणो.

काळ्या मातीत एक खूण फार उपयोगाची आहे, ती म्हणजे वाळू. इथल्या मातीत वाळू आपोआप येत नाही, कुणीतरी आणून टाकलेली असते. पिवळट रेघ दिसली किंवा ओळीनं मांडलेल्या विटा लागल्या की हात थांबवा, केबल त्यांच्या खालीच आहे. विटा नाहीत, वाळू नाही, म्हणजे केबल नाही, असं मात्र मुळीच नाही. आणि माती मऊ करायला ट्रायल पिटमध्ये पाणी ओतू नका. चिखलात काही दिसत नाही आणि आवरणाला चीर असेल तर तुम्ही त्याच पाण्यात उभे असता. घाई नसेल तर नोव्हेंबरात खोदा, तेव्हा माती वडीसारखी कापली जाते.

केबल उघडी पडली की ती अधांतरी लोंबकळू द्यायची नाही, खाली फळीचा टेकू द्यायचा. तिच्यावर पाय ठेवून वर चढायचं नाही.

केबलला अवजार लागलंच तर सगळ्यांनी लांब व्हायचं, काही उचलायचं नाही आणि १९१२ला फोन करायचा. वीज गेली म्हणून पुढं जाऊ नका, सबस्टेशनवरून फीडर, म्हणजे त्या भागाची वीजलाइन, पुन्हा चालू करून बघतात. जेसीबीवाल्यानं केबिनमध्येच बसायचं. आग लागली तरच दोन्ही पाय जुळवून लांब उडी मारायची, मशीन आणि जमीन एकदम शिवायची नाही, आणि तसंच पाय जुळवून टुणटुण लांब जायचं. नुसता ओरखडा आला तरी कळवा. लोक माती लोटून गप्प बसतात, मग तिथून ओल आत शिरते आणि केबल काही महिन्यांनी ऐन पावसाळ्यात फुटते. त्या ‘मुळी’बद्दल मी कळवलं, गल्ली अर्धा दिवस विजेविना राहिली आणि मी ओटीवर बसून सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या.

बुजवताना आधी वाळू, मग विटा, त्यावर थोडी माती, मग इशाऱ्याची पट्टी आणि मग उरलेली माती. दगडगोटे केबललगत नकोत. बुजवण्याआधी टेप लावून गेटच्या खांबापासूनचं अंतर मोजा, फोटो काढा आणि नळाच्या पावत्यांच्या फाइलमध्ये लावा. माझ्या वहीत त्या गल्लीपुढं लिहिलंय: ‘डाव्या खांबापासून १ मीटर १०, खोली अडीच फूट, कडुनिंबाची मुळी नव्हे.’