रेंटची गाडी घेऊन गोव्याबाहेर जाताय? चावी घ्यायच्या आधी फास्टॅगचं बघून घ्या

गोव्यातल्या गोव्यात फिरणार असाल तर टोलचं टेन्शन घेऊच नका. म्हापशाहून निघा, अटल सेतूवरून पणजी, पुढे नवा जुवारी पूल, मडगाव, पार काणकोणपर्यंत जा, टोलनाका आडवा येत नाही. घोळ होतो तो गाडी बॉर्डरपार गेली की.

आम्ही म्हापशाचे. अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला जायचं म्हणून सात सीटर रेंटने घेतली, चोर्ला घाटाने बेळगाव गाठलं, तिथून हायवेला लागलो आणि हत्तरगीच्या नाक्यावर टॅग चालेचना, बॅलन्स संपलेला. मागे गाड्यांची रांग, हॉर्नवर हॉर्न, सासूबाई मागून विचारतायत काय झालं काय झालं, आणि रेंटवाला फोन उचलेना. जादा पैसे भरून सुटलो तर पुढे कोगनोळीला परत तेच.

१५ नोव्हेंबर २०२५ ला नियम असा आला की नॅशनल हायवेवर टॅग नसेल किंवा चालत नसेल तर कॅशने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट टोल. म्हणजे १०० चा टोल असेल तर कॅशने २००, यूपीआयने १२५. तेव्हा अडकलातच तर पाकीट काढू नका, मोबाइल काढा, आणि पावती घेतल्याशिवाय गाडी हलवू नका.

पण तिथवर वेळच येऊ देऊ नका. गाडी ताब्यात घेताना स्क्रॅचचे फोटो सगळेच काढतात, तसं काचेवरच्या टॅगकडेही बघा. टॅग काचेला आतून नीट चिकटवलेला हवा. ड्रॉवरमधून काढून "हा नाक्यावर नुसता दाखवा, चालतो" असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा, असे सुटे टॅग ब्लॅकलिस्ट करायला हायवेवाल्यांनी जुलै २०२५ मध्येच सांगितलंय. मग रेंटवाल्याला त्याच्याच मोबाइलवर अ‍ॅप उघडायला लावा, टॅग चालू आहे का, बॅलन्स किती, गाडीचा नंबर तोच आहे का, आणि त्याचा स्क्रीनशॉट तिथल्या तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, कोणी खरा माणूस असेल तर रागावत नाही. गाडी राज्याबाहेर न्यायला त्याची परवानगी आहे का, परमिट आहे का, हेही त्याच मेसेजमध्ये लिहून घ्या.

बॅलन्स कमी असेल तर तुम्हीसुद्धा भरू शकता, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. यूपीआय अ‍ॅपमध्ये फास्टॅग रिचार्जमध्ये जायचं, टॅग कुठल्या बँकेचा ते निवडायचं, गाडीचा नंबर टाकायचा, झालं. नाव येईल ते मालकाचंच आहे ना बघा. फक्त एक लक्षात ठेवा, पैसे जातात त्याच्या खात्यात आणि उरले तर तिथेच राहतात, म्हणून जाता-येता जेवढे नाके लागणार तेवढ्यापुरतंच भरा. राजमार्गयात्रा अ‍ॅपवर रस्त्यातले नाके आणि दर बघायला मिळतात.

गोकर्णासारखी छोटी ट्रिप असेल तर अजून एक गोष्ट. कारवार सोडून अंकोल्याकडे जाताना हट्टीकेरीचा नाका लागतो. त्याच नाक्यावरून २४ तासांच्या आत परत आलात तर दोन्ही वेळचे मिळून एका फेरीच्या दीडपटच पैसे लागतात, आणि टॅग चालू असेल तर हे आपोआप होतं. आमचा भाचा रात्री गोकर्णाला राहिला आणि दुसऱ्या दिवशी जेवण वगैरे करून निघाला, तासाभराच्या फरकाने सवलत गेली.

वार्षिक पास आहे गाडीला, टोल फ्री, असं सांगत असतील तर नंबर प्लेट बघा. काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं म्हणजे रेंटची कमर्शियल गाडी, तिला तो पास मिळतच नाही, तो फक्त खाजगी गाड्यांना आहे.

आता परत देतानाचं. टोल कापल्याचे मेसेज मालकाच्या मोबाइलवर जातात, तुम्हाला काही कळत नाही, म्हणून "टोलचे एवढे झाले" असा तोंडी आकडा ऐकून डिपॉझिट सोडू नका. स्टेटमेंट मागा, त्यात नाक्याचं नाव, वेळ, रक्कम सगळं असतं. आमच्या त्या रेंटवाल्याने हत्तरगी आणि कोगनोळीचे पैसे डिपॉझिटमधून परत कापले होते, जे आम्ही आधीच यूपीआयने भरले होते! पावत्या जपून ठेवल्या होत्या म्हणून मिळाले, नाहीतर गेलेच होते. आणि टॅग चांगला, बॅलन्स आहे, पण नाक्याचं मशीनच बंद असेल तर पैसे द्यायचेच नसतात, शून्य रुपयांची पावती घेऊन पुढे जायचं. तिथे कोणी वाद घातलाच तर १०३३ या हायवेच्या हेल्पलाइनला फोन लावा. मात्र चुकून दोनदा कापले गेले तर तक्रार टॅगच्या बँकेकडे करावी लागते आणि टॅग मालकाच्या नावावर, म्हणून ती त्यालाच करायला सांगा, आणि तक्रारीचा नंबर मिळेपर्यंत डिपॉझिटचा हिशोब मिटवू नका.