नागपुरातल्या आजी-आबाजींचा जीवनपट कसा लिहावा

पहिला प्रश्न ‘कोणत्या साली?’ हा नको. त्यावर अंदाज मिळतो, आणि एकदा लिहिलेला अंदाज पुढे खराच वाटू लागतो. ‘तेव्हा घरी कोण कोण होतं?’ असं विचारा.

साल ठरवायला शहराच्याच खुणा घ्या. नागपूरकरांसाठी 1956 हे फार उपयोगी साल आहे. 14 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. 1 नोव्हेंबरला नागपूर मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलं आणि राजधानीचा मान गमावून बसलं. 1957 च्या एप्रिलपासून नवे पैसे आले. म्हणून ‘माझं लगन दीक्षेच्या साली झालं’ असं आजी म्हणाल्या, की लगेच 1956 लिहून मोकळं होऊ नका. लग्न उन्हाळ्यातलं असेल, तर दीक्षेच्या आधीचा उन्हाळा की नंतरचा? आहेर आण्यांत मोजला की नव्या पैशांत? एवढ्यावर बहुतेक वेळा वर्ष पक्कं होतं. दिवसाची आठवण पोळा, मारबत, दसरा यांच्या मागेपुढे विचारली की लवकर निघते.

मग कागद. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जन्मतारीख 1 जुलै दिसली तर सावध व्हा. नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली ती असू शकते. खेड्यातला जन्म असेल तर तहसील कार्यालयात कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल मागा. त्यात बहुधा बाळाचं नाव नसतं, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच असतं. म्हणून वडिलांचं नाव आणि गाव आधी पक्कं करा, आणि भावंडांच्या नोंदीही काढा. नाहीतर थोरल्या बहिणीची तारीख धाकटीला चिकटते. तारीख पुसलेल्या कागदाचा मथळा पाहा: ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ म्हणजे 1950 च्या आधीचा, ‘मुंबई राज्य’ म्हणजे 1956 ते 1960 मधला. मात्र जुने छापील नमुने संपेपर्यंत वापरले जात, तेव्हा निव्वळ मथळ्यावर विसंबू नका.

बैठक 40 मिनिटांची, सकाळची. कूलर आणि पंखा बंद हवा, म्हणून मे महिना टाळलेलाच बरा. फोन विमान मोडवर, आजींपासून हातभर अंतरावर. ‘नाही हो, असं नव्हतं’ म्हणणारा मुलगा शेजारी असला की आजी गप्प होतात. त्याची बैठक वेगळी घ्या.

आडव्या वहीत तीन रकाने आखा: वय, घरात काय झालं, शहरात काय झालं. पडताळलेलं शाईने, बाकीचं पेन्सिलीने. तिसरा रकाना पुस्तकातून भरून काढायचा मोह आवरा. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, 1951 मध्ये गेली. त्यांच्या घरच्या शेताचं त्यामुळे काही झालं असेल तरच ती वहीत यावी. इंदोऱ्यातल्या किंवा महालातल्या घरी 1 मे 1960 ला काहीच घडलं नसेल, तर तो चौकोन रिकामाच शोभतो.

बोली सुधारू नका. ‘पाणी येऊन राहिलं होतं’ हे तसंच लिहा. पक्की प्रत मोठ्या अक्षरात काढा, उजवीकडे चार बोटं जागा सोडा आणि आजींना सावकाश वाचून दाखवा. त्या जिथे थांबवतील, तिथे त्याच जागेत त्यांच्याच शब्दांत दुरुस्ती लिहा.