बाळंतिणींचा अभ्यास करताय? मग या चुका टाळा

गरोदर आणि बाळंतीण बायकांच्या तब्येतीचा, मनाचा अभ्यास करणारे विद्यार्थी माझ्याकडे भरलेले फॉर्म घेऊन येतात. कोणी नर्सिंगचे, कोणी समाजकार्याचे, कोणी सामुदायिक आरोग्याचे. उन्हातान्हात फिरून भरलेले फॉर्म असतात, मेहनतीत कसूर नसते. तरी एक गोष्ट वारंवार दिसते. विद्यार्थिनी आईची विचारपूस करायला जाते आणि बाळाची माहिती घेऊन परत येते. वजन किती, लस कोणती, अंगावर कधी पाजलं, सगळं नीट लिहिलेलं. आईच्या रकान्यात एकच शब्द, ‘ठीक’. खालच्या बऱ्याचशा चुका याच मुळातून फुटलेल्या आहेत.

नावं लसीकरणाच्या यादीतून घेणं

ही चूक मी स्वतः केली आहे. अंगणवाडीत लसीकरणाला येणाऱ्या आयांची यादी तयार मिळते, पत्ते असतात, काम सोपं होतं. पण त्या यादीत फक्त ज्यांची बाळं जिवंत आहेत त्याच आया असतात. ज्यांचं बाळ पोटात किंवा जन्मल्यावर दगावलं त्या गळून जातात, आणि मनाचा अभ्यास करायचा तर सगळ्यात आधी त्यांच्याकडे जायला हवं.

नंतर आम्ही यादी बदलली आणि गरोदर मातांच्या नोंदवहीतून नावं घेतली, पण आशाताईला आदल्या दिवशी विचारून घ्यायचं राहिलं. आमच्या गटातल्या मुलीनं उंबऱ्यातूनच हसत विचारलं, ‘‘बाळ कुठंय?’’ आत भिंतीला टेकून बसलेल्या बाईचं पोलकं पुढून ओलं होतं. बाळ नवव्या दिवशी गेलं होतं आणि दूध अजून थांबलं नव्हतं. ती काही बोलली नाही, तिनं फक्त पदर पुढे ओढला. त्या दिवशी फॉर्म भरला नाही. छातीचा ताठरपणा कसा कमी करायचा, ताप आला तर कुठे जायचं, एवढं सांगून आम्ही निघालो.

तेव्हा यादी गरोदरपणातल्या नोंदणीवरून घ्या आणि प्रत्येक नावासाठी आशाताईला आधी विचारा. मूल गेलेल्या आईसाठी प्रश्नावली वेगळी ठेवा. तिला ‘बाळाकडे पाहून आनंद होतो का’ हे चुकूनही विचारलं जाता कामा नये.

यादीतली दुसरी गळती माहेरची. पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं. नोंद सासरच्या गावी, बाई माहेरी, आणि तुमच्या तक्त्यात ‘घरी भेटली नाही’. सातव्या-आठव्या महिन्यातच ‘बाळंतपणाला कुठे जाणार’ हे विचारून तिथला पत्ता लिहून ठेवा. बीडसारख्या जिल्ह्यात अभ्यास असेल तर ऊसतोडीचा हंगामही लक्षात घ्या. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मधल्या महिन्यांत गावात भेटणाऱ्या बायका म्हणजे सगळं गाव नव्हे.

सगळ्यांसमोर विचारणं

बाळंतिणीच्या घरात एकांत मिळत नाही, तो मिळवावा लागतो. प्रश्न सुनेला असतो आणि उत्तर सासूबाई देतात, ‘‘तिला कशाचा त्रास? आम्ही हातावर झेलतोय.’’ बऱ्याचदा हे खरंही असतं. अळिवाचे लाडू, शेक, मालिश सगळं वेळेवर होत असतं. पण मायेनं केलेलं बाळंतपण आणि आतून वाटणारी भीती एका घरात राहू शकतात.

म्हणून जोडीनं जा. एकीनं ओसरीवर बसून सासूबाईंशी बोलायचं, बाळाचं कार्ड पाहायचं, त्यांच्या काळच्या बाळंतपणाच्या गोष्टी ऐकायच्या (आणि मनापासून ऐकायच्या, त्यात खूप काही सापडतं). दुसरीनं आत आईजवळ बसायचं. तरीही कोणी येऊन बसलंच तर नाजूक प्रश्न थांबवा, आणि मुलाखतीच्या वेळी खोलीत कोण होतं ते फॉर्मवर लिहा. हा रकाना बहुतेक प्रश्नावल्यांत नसतो. तो घाला. नंतर उत्तरं ताडून पाहताना याच रकान्यानं मला सगळ्यात जास्त शिकवलं.

वेळही सांभाळा. सकाळी अंघोळ-मालिश-धुरीची गडबड असते. तिन्हीसांजेला बाळंतिणीच्या घरी पाहुणा आलेला अनेकांना चालत नाही. दुपारी बाळ झोपल्यावरची तासभराची वेळ बरी. बाळ कितीही गोंडस असलं तरी ‘किती गुटगुटीत आहे’ म्हणू नका. दृष्ट लागल्याची शंका आली की पुढची भेट बंद. घरात मारहाणीबद्दल विचारायचं असेल तर अभ्यासाचं नाव बाहेर ‘मातांचं आरोग्य’ एवढंच सांगा आणि एका घरातल्या एकाच बाईला ते प्रश्न विचारा. फोनवर निरोप पाठवताना तो फोन तिचा आहे की नवऱ्याचा, हे आधी पाहा. संमतीची सही तिचीच हवी. नवऱ्यानं ‘घ्या माहिती’ म्हणणं ही तिची संमती नव्हे.

इंग्रजी प्रश्न शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणणं

बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी सगळ्यात जास्त वापरली जाते ती एडिनबरा प्रश्नावली. जॉन कॉक्स आणि सहकाऱ्यांनी ती १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. सोपी दिसते म्हणून विद्यार्थी रात्रीत भाषांतर करतात आणि सकाळी गावात जातात. मग ‘गोष्टी माझ्यावर चढून येत आहेत’ असली वाक्यं तयार होतात आणि ऐकणारी बाई गोंधळून ‘नाही’ म्हणते.

‘तुम्हाला उदास वाटतं का’ याला होकार क्वचितच मिळतो. आपल्याकडे बायका मनाचं दुखणं वेगळ्या शब्दांत सांगतात: कशात मन लागत नाही, जीव घाबरा होतो, नुसतं रडू फुटतं, अंगात त्राण नाही, डोकं जड झालंय. तुमच्या भागातले असे शब्द आधी आठ-दहा बायकांशी गप्पा मारून गोळा करा. प्रश्न तयार झाल्यावर तिलाच विचारा, ‘‘मी काय विचारलं असं तुम्हाला वाटलं?’’ मेळघाटात कोरकू, खानदेशात अहिराणी, गडचिरोलीत गोंडी बोलणारी आई पुण्याच्या मराठीतल्या प्रश्नाला पाहुण्याला देतात तसं उत्तर देईल.

झोपेच्या प्रश्नावर जरा थांबते. कुठल्याही बाळंतिणीला ‘झोप लागते का’ विचारलं तर ती ‘कुठली झोप?’ असंच म्हणणार. मूळ प्रश्न मन खिन्न असल्यामुळे झोप लागत नाही का, असा आहे. तेव्हा विचारायचं, ‘‘बाळ शांत झोपलेलं असतं, सांभाळायला माणूस असतं, तेव्हा तुमचा डोळा लागतो का?’’ या एका बदलानं उत्तरं पार वेगळी येतात.

गुण उलटे धरणं

निष्कर्ष विचित्र दिसत असतील तर आधी इथे शोधा. पहिला, दुसरा आणि चौथा प्रश्न सोडून बाकी सात प्रश्नांचे गुण उलट्या क्रमानं आहेत. तिथे पहिल्या पर्यायाला ३ आणि शेवटच्याला ०. संगणकात सगळ्यांना सरसकट ० ते ३ भरले तर जी बाई अगदी ठणठणीत आहे तिचे गुण २१ होतात. आणि कंटाळलेल्या मुलाखतकारानं दहाही ठिकाणी पहिल्याच पर्यायाला खूण केली, तर गुण बरोबर धरूनही बेरीज २१ येते. २१ चा ढीग दिसला की कागदी फॉर्म काढून बसा.

आणखी एक. ही चाळणी आहे, निदान नव्हे. १० किंवा १३ गुण झाले की पुढे तपासायचं, असे उंबरठे प्रचलित आहेत, पण भाषा आणि वस्तीप्रमाणे ते बदलतात. अहवालात ‘इतक्या महिलांना नैराश्य आहे’ असं लिहू नका. ‘इतक्या महिलांची पुढील तपासणी आवश्यक’ असं लिहा.

चुकीच्या दिवशी विचारणं

तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास बऱ्याच आयांना उगीच रडू येतं, चिडचिड होते, आणि साधारण दोन आठवड्यांत ते ओसरतं. त्या दिवसांत दवाखान्याच्या वॉर्डात फॉर्म भरून घेतले तर आकडा फुगतो. म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी विचारायची पद्धत आहे.

पण फक्त बाळंतपणानंतर विचारणं हीसुद्धा चूकच. गोव्यात विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांनी जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या बायकांचा अभ्यास केला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. शेवटच्या तिमाहीतच त्यांनी २७० जणींना सामील करून घेतलं. सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं. त्यातल्या ७८ टक्क्यांना गरोदरपणातच मनाचा ठळक त्रास होता, आणि सहा महिन्यांनीही निम्म्याहून अधिक जणी बऱ्या झालेल्या नव्हत्या. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेलं नातं ही मोठी कारणं होती. मुलगी झाली की त्यांची धार आणखी वाढत होती. त्यांनी गरोदरपणापासून सुरुवात केली नसती तर हे दिसलंच नसतं. डोहाळजेवणाच्या फोटोत हसणारी बाई रात्री रडत असते, हे आपण ऐकून असतो. अभ्यासात मात्र त्याला जागा ठेवत नाही.

‘काही त्रास आहे का?’ असं विचारून पुढे जाणं

याचं उत्तर ‘नाही’ असतं. अंगावर काढणं ही इतकी मुरलेली सवय आहे की दुखणं बाईला दुखणं वाटत नाही. राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास १९८९ मध्ये आला. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग होते आणि पूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. दवाखान्यात बसून वाट पाहणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं.

म्हणून एकेक अवयव घेऊन विचारा. खोकताना, हसताना लघवी निसटते का? टाक्यांच्या जागी बसताना दुखतं का? सिझरच्या जखमेतून पाणी येतं का? छातीत दुधाच्या गाठी झाल्या का? शौचाला त्रास, मूळव्याध? अंगावरून किती जातं हे ‘जास्त की कमी’ असं विचारू नका. दिवसाला किती पॅड किंवा किती घड्या बदलाव्या लागतात, ते विचारा. शरीर आणि मन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या फॉर्मवर विचारू नका. लघवी निसटते म्हणून बारशाला बाहेर न आलेली बाई मला भेटली आहे. तिच्या एकटेपणाचं कारण मनाच्या फॉर्ममध्ये सापडलं नसतं.

दहावा प्रश्न घरी नेऊन तपासणं

एडिनबरा प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. काही जण सगळे फॉर्म गोळा करतात आणि पंधरा दिवसांनी गुण मोजायला बसतात. हे अक्षम्य आहे. हा प्रश्न त्या घरातून उठण्याआधी पाहायचा, एकूण गुण कितीही कमी असले तरी. शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर वही मिटा, तिथेच बसा आणि शांतपणे विचारा, असं कधी वाटतं, कसं करायचं हेही मनात येतं का, जवळ कोण असतं. तिला एकटं सोडून निघू नका. विश्वासाचं माणूस कोण, हे तिलाच विचारून त्याला सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचवा. बाळंतपणानंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांत आई असंबद्ध बोलू लागली, झोप पार उडाली, भलतेच आवाज ऐकू येऊ लागले तर ती तातडीची अवस्था आहे. तिला बाहेरची बाधा समजून दिवस घालवले जातात.

यासाठी पहिला फॉर्म भरण्याआधीच जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाशी बोलून ठेवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येक मुलाखतकाराला पाठ हवा. ही सोय झालेली नसेल तर दहावा प्रश्न विचारायचा अधिकारच आपल्याला नाही, आणि खरं तर अभ्यास सुरू करायचाही नाही.

आमच्या फॉर्मच्या शेवटी आता एक मोकळी जागा असते, ‘निघताना आई काय म्हणाली’. वही पिशवीत गेली, चप्पल पायात घातली की खरं बोलणं सुरू होतं. मागच्या खेपेला एक जण दारापर्यंत सोडायला आली, बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, ‘‘ताई, तुम्ही परत याल का? दीड महिन्यात मला कोणी मी कशी आहे असं विचारलं नव्हतं.’’ ते वाक्य त्या जागेत जसंच्या तसं लिहिलं आहे. खाली पुढच्या भेटीची तारीखही.