आयजीवाय काढण्याची तयारी: पहिल्या सुईच्या आधीची अंडी

क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जुलाब लावणाऱ्या जिवाणूच्या टॉक्सिन-बी या विषाविरुद्ध कोंबडीच्या अंड्यातून प्रतिपिंडं (आयजीवाय, म्हणजे बलकात साठणारी कोंबडीची प्रतिपिंडं) मिळवायची असतील, तर पहिली सुई टोचण्याआधीच त्याच कोंबड्यांची सहा-सात अंडी बाजूला काढा. टोकावर पेन्सिलीने तारीख आणि कोंबडीचा क्रमांक लिहून ती ४ अंशाला ठेवा. ही अंडी हुकली तर पुढे तुलनेला काहीच उरत नाही, आणि ती नंतर कुठूनही आणता येत नाहीत. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी याच्याही आधी हातात हवी. कोंबड्या नियमित अंडी देणाऱ्या आणि किमान तीन घ्या, कारण एखादी फारसा प्रतिसाद देतच नाही.

टोचायला अख्खं विष नको. पेशीला चिकटणारा त्याचा शेवटचा तुकडा रिकॉम्बिनंट (प्रयोगशाळेत जनुकापासून बनवलेलं) प्रथिन म्हणून घ्या, तो एकटा विषारी नसतो. प्रत्येकीला ५० ते १०० मायक्रोग्रॅम, छातीच्या स्नायूत दोन-तीन जागी वाटून. टोचण्याआधी ते तेलकट अ‍ॅडज्युव्हंटमध्ये (प्रतिसाद वाढवणारं मिश्रण) घोटून इमल्शन करा आणि त्याचा थेंब थंड पाण्यावर टाकून पाहा: पसरला तर ते अजून नीट घोटलेलं नाही. बूस्टर दोन ते चार आठवड्यांनी. रक्तात प्रतिपिंडं वाढली तरी बलकात दिसायला साधारण आठवडाभर लागतो, म्हणून बूस्टरनंतर लगेचच्या अंड्यांवरून निष्कर्ष काढू नका.

बलक वेगळा करताना घाई नको. पांढरा भाग निथळून बलक फिल्टर पेपरवर हलकेच लोळवा. कागद चिकट होईनासा झाला की पातळ आवरणाला टोचा आणि आतला द्रव नळीत सोडा. आवरण कागदावरच राहू द्या. १२ मिली बलकाला २४ मिली पीबीएस (फॉस्फेटचं खारट बफर द्रावण), म्हणजे एकूण ३६ मिली. त्यात ३.५ टक्के पीईजी ६००० (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, द्रावणातले घटक खाली बसवणारं पॉलिमर), म्हणजे १.२६ ग्रॅम. दहा मिनिटं हलवून ४ अंशाला, १०,००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या १०,००० पट) २० मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. चरबी खाली बसते. वरचा द्रव घडी घातलेल्या फिल्टर पेपरमधून गाळा. आता तो पुन्हा मोजा. हमखास चूक इथेच होते: जुन्याच ३६ मिलीवर हिशेब धरला जातो आणि पीईजी जास्त पडतं. गाळलेला द्रव ३० मिली भरला तर ८.५ टक्क्यांनी २.५५ ग्रॅम टाकून पुन्हा तसंच फिरवा. या वेळी साका ठेवायचा, कारण आयजीवाय त्यात आहे. तो १० मिली पीबीएसमध्ये विरघळवून १.२ ग्रॅम पीईजीने पुन्हा खाली आणा, थोड्या पीबीएसमध्ये घ्या आणि रात्रभर डायलिसिस करा (पातळ पडद्याच्या पिशवीतून लहान रेणू धुऊन काढणं). एका अंड्यातून साधारण ५० ते १०० मिग्रॅ मिळतं, पण त्यातला थोडाच भाग आपल्या टॉक्सिनविरुद्धचा असतो.

शुद्धीकरणासाठी प्रोटीन-ए किंवा प्रोटीन-जीचा कॉलम मागवू नका, आयजीवाय त्यांना चिकटत नाही. एलायझासाठी (प्रतिपिंडं मोजण्याची चाचणी) कोंबडीच्या आयजीवायविरुद्धचंच दुय्यम प्रतिपिंड हवं.

टिकवण्यासाठी सोडियम अझाइड घातलेली बाटली पेशींच्या चाचणीला वापरू नका: अझाइड पेशींनाच मारतं आणि दोष प्रतिपिंडावर येतो. त्या चाचणीसाठी अझाइडविना, ०.२ मायक्रॉन फिल्टरमधून गाळलेला वाटा आधीच वेगळा ठेवा.

व्हेरो पेशींच्या (माकडाच्या मूत्रपिंडातून वाढवलेल्या) प्लेटवर नुसत्या पेशी, नुसतं टॉक्सिन, नुसतं आयजीवाय आणि टॉक्सिनसोबत सुईआधीचं आयजीवाय, ही चारही घरं हवीतच. टॉक्सिन आणि आयजीवाय ३७ अंशाला तासभर एकत्र ठेवून मगच पेशींवर घाला, आणि दुसऱ्या दिवशी पेशी पसरलेल्या आहेत की गोल झाल्या ते पाहा. सुईआधीच्या आयजीवायनेही पेशी वाचल्या, तर ते तुमच्या प्रतिपिंडाचं यश नव्हे. आधी टॉक्सिनची मात्रा पुन्हा तपासा.