व्हिडिओ बघून लाँग रेंज रायफल शिकायची असेल तर (आणि पुढे शिकारीला जायचं असेल तर)

इकडे अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या बऱ्याच लोकांना रायफल शूटिंगची ओढ असते पण घरात कोणी कधी बंदूक धरलेली नसते. इथल्या मुलांना आजोबा नाहीतर मामा लहानपणीच रानात घेऊन जातात, तसं आपल्याला कोणी नेलेलं नसतं, मग पहिला गुरू यूट्यूबच. त्यात काही वाईट नाही, मी कोलोरॅडोत राहते आणि माझीही सुरुवात तिथूनच झाली. फक्त एक लक्षात ठेवा, व्हिडिओ अर्ध्या गोष्टी फार छान शिकवतो आणि उरलेल्या अर्ध्या तो शिकवूच शकत नाही. कुठल्या अर्ध्या कुठल्या, हे ज्याला कळलं तो लवकर शिकतो आणि त्याच्या हातून जनावराचे हालही होत नाहीत.

आधी कायदा, कारण हे व्हिडिओत कोणी सांगत नाही, बनवणारे सगळे इथले नागरिक असतात. तुम्ही एच-वन-बी किंवा तसल्या कुठल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगता येत नाहीत, आणि रेंजवर भाड्याने घेतलेली रायफलसुद्धा त्यातच येते. याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू मुदतीचं हंटिंग लायसन्स. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. व्हिसावर असाल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला, लायसन्स हातात येऊ द्या, तोवर नुसते व्हिडिओ बघा. दुसरी गोष्ट हंटर एज्युकेशनचा कोर्स. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आणि टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो लागतो, म्हणजे हे वाचणाऱ्या जवळपास सगळ्यांनाच. बराचसा ऑनलाइन होतो, एका राज्याचं कार्ड दुसऱ्या राज्यात चालतं. शिकारीला जायचं नसलं तरी हा कोर्स करा असं माझं ठाम मत आहे, सेफ्टीचे सगळ्यात सरळ आणि नीट समजावलेले व्हिडिओ त्यातच असतात.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी, तिकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मुळे शिकार बंद आहे आणि ती बंदच राहायला हवी. पण नेमबाजी शिकायला कोणी अडवलेलं नाही. .१७७ ची (म्हणजे तेवढ्या इंच व्यासाच्या नळीची) आणि २० जूलपर्यंत ताकदीची एअर रायफल लायसन्सशिवाय घेता येते, क्लब शोधा आणि १० मीटरपासून सुरू करा. आणि एक व्हिडिओ सगळ्यांनीच बघा, इकडच्यांनीही, तो म्हणजे पॅरिस ऑलिंपिकमधली ५० मीटर थ्री पोझिशनची (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायची) फायनल, ज्यात आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझ मिळवलं. गुणांकडे बघू नका, शरीराकडे बघा. नीलिंगमध्ये, म्हणजे गुडघ्यावर बसून मारताना, कोपर गुडघ्यावर कसं टेकलंय, गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी कसा येतो, शॉट गेल्यावर माणूस लगेच डोकं वर काढत नाही. हे कुठल्याही लाँग रेंजवाल्याला जसंच्या तसं लागतं.

आता व्हिडिओ निवडायचे कसे. माझी कसोटी सोपी आहे, ज्या व्हिडिओत चुकलेला शॉट दाखवलेला असतो तो चांगला. पाच गोळ्यांपैकी दोन बाहेर गेल्या आणि माणूस सांगतोय की वारा अमुक होता, मी तमुक धरला, म्हणून हे झालं, असा व्हिडिओ दहा वेळा बघा. याउलट दर शॉटला स्टीलचा टण्ण आवाज, मध्ये कट, वर म्युझिक आणि खाली स्कोपचं (रायफलवरच्या दुर्बिणीचं) डिस्काउंट कोड, हे करमणुकीला ठीक. काडतूस कुठलं, नळी किती इंची, समुद्रसपाटीपासून उंची किती, झिरो (म्हणजे नेम आणि गोळी जिथे जुळवलेत ते अंतर) किती यार्डांवर, एवढं न सांगता जो नुसते क्लिक (स्कोपचं बटण किती घरं फिरवायचं ते) सांगतो त्याचे आकडे तुमच्या काही कामाचे नाहीत.

आणि एका वेळी एकच गोष्ट बघायची. आज फक्त ट्रिगर, म्हणजे बोटाचं पेर कुठे, दाब सरळ मागे की बाजूला, एवढंच, त्याचे दोनतीन व्हिडिओ बघायचे आणि लगेच ड्राय फायर करायचा. ड्राय फायर म्हणजे रिकाम्या रायफलने सराव. काडतुसं दुसऱ्या खोलीत, दार बंद, बोल्ट उघडून चेंबर डोळ्याने बघायचं आणि बोट घालूनही बघायचं, मॅगझिन काढलेलं, आणि नळीची दिशा अशा भिंतीकडे जिच्यामागे माणूस नाही. मध्येच फोन आला, उठून गेलात, तर परत आल्यावर सगळं पहिल्यापासून तपासायचं. सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाला मधोमध पिन आपटते ती) बोल्ट ॲक्शनला ड्राय फायरने सहसा काही होत नाही तरी मॅन्युअल बघून घ्या, .२२ रिमफायरमध्ये (पिन बुडाच्या कडेवर आपटते ती) मात्र स्नॅप कॅप, म्हणजे सरावाचं खोटं काडतूस, घालूनच करा नाहीतर फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते. नळीच्या टोकाजवळ एक नाणं ठेवा आणि ट्रिगर दाबा, नाणं पडलं नाही पाहिजे. मग डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. क्रॉसहेअर (स्कोपमधली फुली) लक्ष्यावरून सरकला असेल तर हाताने ओढून आणू नका, कंबर आणि पाय हलवून सगळं शरीर नव्याने मांडा. याला नॅचरल पॉइंट ऑफ एम म्हणतात, आणि हे एकट्याने घरी, व्हिडिओ समोर लावून, अगदी पूर्ण शिकता येतं.

याच्या जोडीला मोबाईल ट्रायपॉडवर लावून स्वतःचा व्हिडिओ काढा, बाजूने, स्लो मोशनमध्ये. हे रेंजवर खऱ्या गोळीच्या वेळी केलं तर फार दिसतं. मित्राला सांगा मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत दोनएक स्नॅप कॅप मिसळून भर, कुठलं कधी येणार तुम्हाला माहीत नाही. स्नॅप कॅप आली की धक्का नाही, आवाज नाही, आणि फ्रेम पुढे सरकवत बघितलं की ट्रिगर सुटायच्या आधीच पापणी मिटते, खांदा पुढे येतो आणि नळीचं तोंड खाली डुबकी मारतं, सगळं लख्ख दिसतं. असं दिसत असेल तर मोठ्या रायफलवरून काही दिवस .२२ वर या. .२२ला धक्का जवळपास नाही, काडतूस स्वस्त, आणि लाँग रेंजचं सगळं शिक्षण १०० ते २०० यार्डांत मिळतं, कारण ५० यार्डांवर झिरो केलेली .२२ ची साधी गोळी २०० यार्डांवर चारेक फूट खाली येते आणि वारा तिला भरपूर ढकलतो. शक्य असेल तर प्रोजेक्ट ॲपलसीडचं एक वीकेंड शिबिर करा, तिथे २५ मीटरवर बहुतेक लोक .२२च आणतात आणि पोझिशन, स्लिंग (रायफलचा पट्टा), श्वास हे सगळं शिकवणारा माणूस शेजारी उभा असतो.

स्कोपचं गणित हा व्हिडिओने शिकायचा सगळ्यात उत्तम भाग, थांबवून थांबवून वहीत करा. मिल घ्या किंवा एमओए घ्या (दोन्ही कोन मोजायची मापं), पण रेटिकल (स्कोपमधल्या खुणा) आणि टरेट (फिरवायचं बटण) दोन्ही एकाच मापात असू द्या. १ मिल म्हणजे १०० यार्डांवर ३.६ इंच, म्हणजे ५०० यार्डांवर १८ इंच. समजा ५०० वर गोळी ९ इंच खाली लागली, तर अर्धा मिल वर, ०.१ मिलचा क्लिक असेल तर पाच क्लिक. खरं तर इंचात जायचीच गरज नाही, रेटिकलमध्ये बघा अर्धा मिल खाली दिसतंय, अर्धा मिल फिरवा, झालं. ६.५ क्रीडमूरसारखं काडतूस १०० यार्डांवर झिरो केलं तर ५०० यार्डांवर गोळी चार फुटांहून जास्त खाली गेलेली असते आणि १००० वर पंचवीस फुटांच्या आसपास, यावरून अंतर मोजणं किती महत्त्वाचं ते कळेल, रेंजफाइंडरशिवाय पुढे जाऊच नका. आणि कुठल्या अंतराला किती फिरवायचं हा दुसऱ्याचा तक्ता उचलू नका. डेन्व्हर ५२८० फुटांवर आहे, हवा विरळ, गोळी कमी पडते, तोच तक्ता ह्यूस्टनला नेला तर १००० यार्डांवर फुटांत फरक पडतो. हा तक्ता काढून देणाऱ्या ॲपमध्ये आकडे टाका पण गोळीचा वेग स्वतःच्या रायफलचा, क्रोनोग्राफवर (वेगमापकावर) मोजलेला टाका आणि मग प्रत्यक्ष ३००, ४००, ५०० वर मारून पडताळा.

आता व्हिडिओ जिथे हात टेकतो ती गोष्ट, वारा. १० मैल वेगाचा आडवा वारा अशा गोळीला ५०० यार्डांवर साधारण एक फूट बाजूला नेतो, आणि स्क्रीनवर वारा दिसतच नाही. घड्याळाचा नियम व्हिडिओतून घ्या, तीन किंवा नऊ वाजण्याच्या दिशेने आला तर पूर्ण, एक किंवा अकराच्या दिशेने आला तर अर्धा, बारा-सहाचा जवळपास शून्य. पण वेग ओळखायला रेंजवर बसावंच लागतं. आमच्या इथे एक म्हातारे गृहस्थ येतात, ते सकाळचा पहिला अर्धा तास गोळीच झाडत नाहीत, स्पॉटिंग स्कोपला (स्टँडवरच्या दुर्बिणीला) डोळा लावून बसतात. त्यांनी मला दाखवलं, फोकस टार्गेटच्या थोडा अलीकडे आणायचा की हवेच्या लाटा दिसायला लागतात, मे महिन्यात विदर्भातल्या डांबरी रस्त्यावर दिसतात तशाच. लाटा तिरक्या पळतायत तर वारा हलका, आडव्या सपाट धावतायत तर जोरात, आणि सरळ वर उकळल्यासारख्या दिसल्या तर वारा एकतर थांबलाय नाहीतर समोरून किंवा पाठीमागून येतोय. वारा वळायच्या बेतात असतो तेव्हाही हे उकळणं दिसतं, त्या क्षणी झाडायचं नाही, लाटा परत एका बाजूला पडेपर्यंत थांबायचं. तुम्हीही वाऱ्याचा अंदाज आधी वहीत लिहा, मग वारामापकाने मोजा, मग गोळी झाडा. हे शंभरदा केल्याशिवाय डोळा बसत नाही.

शिकारीचे व्हिडिओ बघताना मात्र मन घट्ट ठेवा. ८००-९०० यार्डांवरून एल्क (इथलं मोठं हरीण) पाडलेला दाखवतात, पण त्या सीझनमध्ये जखमी होऊन जंगलात गेलेला एल्क दाखवत नाहीत. ५०० यार्डांवर पोचायला गोळीला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. चरणारं जनावर तेवढ्यात एक पाऊल टाकतं, आणि खांद्यामागे धरलेला नेम पोटात जातो, मग ते तासन् तास तडफडतं. यावर कुठलाही स्कोप किंवा ॲप उपाय नाही. म्हणून तुमचं शिकारीचं अंतर तुम्हीच ठरवायचं, ते असं. नऊ इंची कागदी प्लेट लावा. दोनेकशे यार्ड भरभर चालून या, छाती धडधडत असू द्या, बाकावरून नाही तर पाठीवरची बॅग टेकून किंवा शूटिंग स्टिक्सवर बसून, थंड नळीने एकच गोळी. तारीख, अंतर, वारा, लागली की नाही, लिहून ठेवा. दुसरी गोळी त्या दिवशी मोजायचीच नाही. उन्हाळाभर केल्यावर ज्या अंतरावर पहिली गोळी जवळपास दर वेळी प्लेटमध्ये आहे ते तुमचं अंतर, आणि वारा असला की त्याहून कमी. स्टीलच्या टार्गेटवर ८०० यार्डांना मारणाऱ्या लोकांचं हे अंतर बऱ्याचदा २५०-३०० निघतं आणि त्यात कमीपणा काही नाही. उरलेलं अंतर चालून कमी करायचं, वारा तोंडावर घेत, आडोशाने, खरी शिकार ती.

पुढचं पटकन सांगते. कोलोरॅडोत एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर आणि ८५ ग्रेनची फुगणारी गोळी लागते, रायफल सीझनला अंगावर ५०० चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी कपडा आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी सक्तीची. लॉटरीने मिळणाऱ्या टॅगसाठीचे (एका जनावराच्या परवान्याचे) अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच बंद होतात, त्यासाठी ऑक्टोबरमध्ये जाग येऊन उपयोग नाही. मांस काढायचे व्हिडिओ, विशेषतः पोट न फाडता चारही तंगड्या आणि पाठीचं मांस सोडवायची पद्धत, फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा कारण डोंगरात नेटवर्क नसतं. मोठ्या नर एल्कचं हाडाविना मांस दीडशे-दोनशे पाउंड भरतं आणि ते पाठीवरून खाली आणायचं असतं, तेव्हा बरोबर कोण येणार हे आधी ठरवा. खाण्याजोगं मांस टाकून येणं हा गुन्हा आहे, लिंगाचा पुरावाही जनावरावर ठेवावा लागतो. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज (हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग) इथल्या कळपांत आहे, डोकं तपासणीला द्या आणि रिपोर्ट येईपर्यंत मटण फ्रीजरमध्येच ठेवा.

आणि एक, हे प्रत्येकाने घरात सांगून ठेवा. रेंजला नेलेली बॅग किंवा जॅकेट भारतात जाताना कधीही न्यायचं नाही. अस्तरात, चेनच्या कोपऱ्यात एखादं काडतूस राहिलेलं असतं, आणि तिकडे विमानतळावर एक जरी जिवंत काडतूस सापडलं तरी आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल होतो, सुट्टी सगळी पोलीस ठाण्यात आणि कोर्टात जाते. रेंजची बॅग वेगळी, तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहा, आणि ती रायफलच्या कपाटातच कुलूप लावून ठेवा म्हणजे आई-बाबा आले तरी चुकून सामान भरायला कोणी घेणार नाही.