सागाचं रान मूळचं की लावलेलं, ते कसं ओळखावं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, लोंढ्याकडच्या रानात सगळे साग एका घेराचे दिसले की माणूस लगेच म्हणतो, "लावलेलं आहे." घेरावरून हे ठरत नाही. एका वर्षी तोड झाली तर पुढचे फुटवेही एका वयाचेच येतात, आणि कुमरी, म्हणजे रान तोडून-जाळून केलेली फिरती शेती, सोडून दिलेल्या जागेवरचं रानही.

युरोपात ओकवरून हाच पेच पडला. जुन्या ओकच्या सावलीत ओकची रोपं टिकत नाहीत, बीचची टिकतात. मग ही रानं आली कुठून? माणसानं तोडून-चरवून घडवली, असं अनेकांचं म्हणणं. २००० साली डच परिसंस्था-अभ्यासक फ्रान्स वेरा यांनी मांडलं की रानटी गुरंघोडी माळ मोकळे राखत आणि काटेरी झुडपांच्या आडोशाला ओक वाढे. पण आयर्लंडमध्ये असे कळप नव्हते, तरी तिथल्या जुन्या परागकणांत ओक सापडतोच. सागही उजेडाचाच भुकेला. म्हणून झाडाखाली रोपं नाहीत एवढ्यावरून निकाल देऊ नका.

वनखात्याची परवानगी घेऊन पानगळीत जा. दोरीनं २० × २० मीटरचा चौकोन आखा आणि आधी पाचोळा बाजूला सारून बुंधे पाहा. सगळ्यात जास्त तिथंच कळतं. एका खुंटाभोवती दोन-तीन खोडं, तळाशी कोयत्यासारखा बाक, म्हणजे फुटवा. त्याचं मूळ खोडाहून जुनं असतं. बाक नसेल तरी बियाचं झाड म्हणताना सांभाळा, कारण वणव्यात जळालेलं रोप मुळातून पुन्हा फुटतं आणि पुढं सरळही वाढतं.

लागवडीत अंतर सारखं असतं, बहुधा २ मीटर. विरळणीनंतर, म्हणजे मधली झाडं काढल्यावर, ओळी मोडतात, म्हणून जुने खुंटही नकाशावर घ्या आणि तिरक्या रेषेतही नजर टाका.

वय आधीच तोडलेल्या खुंटावरच मोजा, उभ्या झाडाला भोक पाडू नका. कोयत्यानं पृष्ठभाग तासा, पाणी लावा, दोन दिशांनी वलयं मोजा. सागाची वलयं ओकसारखीच ठळक असतात. अळीनं पानं खाल्ली की त्या साली खोटं वलय येऊ शकतं. ते पुष्कळदा पूर्ण फिरत नाही, तेव्हा वगळा.

ओळी नाहीत पण खुंटांवर फुटवे आहेत, अशा जागेची नोंद "फुटव्यांचं रान" अशीच करा. त्याआधी तिथं काय होतं, हे बुंधा सांगत नाही.